करियेच्या भिंती आणि तुमची चिंता : जागतिक वारसा समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य-राष्ट्रांचे प्रतिनिधी,
जागतिक वारसा समिती, युनेस्को, पॅरिस

विषय : इस्तंबूलमधील करिये (खोरा मठ), आया सोफिया आणि जुनी तटबंदी या बायझंटाईन वास्तूंबाबत समितीची कागदावरच राहिलेली चिंता

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्यहो,

6 मे 2024 रोजी इस्तंबूलच्या जुन्या तटबंदीला लागून असलेली करिये ही बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन ख्रिस्ती साम्राज्याच्या काळातली, मठाची वास्तू नमाजासाठी खुली करण्यात आली. हे एका रात्रीत घडलेले नाही. 1945 साली तुर्की मंत्रिमंडळाने या वास्तूला संग्रहालयाचा दर्जा दिला होता. तो ठराव तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये रद्द ठरवला आणि 21 ऑगस्ट 2020 रोजी राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला. त्याच्या सहा आठवडे आधी, 10 जुलै 2020 रोजी, आया सोफिया या शहरातल्याच जुन्या बायझंटाईन चर्चच्या बाबतीत हेच झाले होते, आणि 24 जुलैला तिथे शुक्रवारची पहिली नमाज अदा करण्यात आली. आपल्याशी आगाऊ संवाद झाला नाही, याबद्दल युनेस्कोने 10 जुलैलाच खेद व्यक्त केला होता. 2021 च्या फुझौ अधिवेशनात आपल्या समितीने ‘गंभीर चिंता’ नोंदवली आणि 1 फेब्रुवारी 2022 पर्यंत अहवाल मागवला. करियेचे दार उघडले तेव्हा त्या चिंतेला जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. या तीन वर्षांत चिंतेतून काय निष्पन्न झाले, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे, आणि उत्तर एकट्या मला नव्हे तर सर्वांना मिळावे म्हणून ते खुले ठेवले आहे.

मी तुर्की नाही, ग्रीक नाही आणि ख्रिस्तीही नाही. माझे आयुष्य भित्तिचित्रांच्या जतनाच्या कामात गेले, आणि त्यातला मोठा काळ अजिंठ्याच्या लेण्यांत गेला. अजिंठ्यात काम केलेल्या माणसाला सदिच्छेने केलेल्या नुकसानाची ओळख फार लवकर होते. 1920 च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी निखळू पाहणारे रंग पक्के केले, पण वरून लाखेचा लेपही दिला. तो लेप पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ आणि धूर बसला, आणि तो उतरवण्यात आमच्या कितीतरी पिढ्या खर्ची पडल्या. त्या तज्ज्ञांच्या हेतूबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही. तेव्हापासून कोणतेही सरकार ‘आम्ही वारशाची काळजी घेत आहोत’ असे म्हणाले, की मी आधी मोजमापांची वही मागतो. दमटपणा किती, तापमान किती, गिलाव्यात क्षार किती, भेगा गेल्या वर्षीपेक्षा वाढल्या की नाही, हे त्या वहीत असते. करियेची अशी वही आज जनतेला पाहायला मिळत नाही.

करिये मी संग्रहालय असतानाच्या काळात पाहिली आहे. आकाराने ती मोठी नाही. आया सोफिया पाहून तिथे गेलेल्या माणसाला ती गल्लीतली साधी इमारत वाटते. पण भित्तिचित्रे आणि मोझेक (चुन्यात रंगीत खडे बसवून केलेली चित्रे) यांच्या अभ्यासकाला जगात ज्या चार-दोन वास्तू पुन्हापुन्हा पाहाव्याशा वाटतात, त्यांत तिचे नाव पहिल्या ओळीत येते. आज तिथे दिसते ते मुख्यतः एका माणसाचे काम आहे. थेओडोर मेतोखितेस हा सम्राट दुसऱ्या अँड्रोनिकसचा महामंत्री होता, त्याआधी त्याच्याकडे कोषागार होता, आणि कर वसूल करता करता त्याने स्वतःचीही तिजोरी भरली, असे त्याचे समकालीन म्हणत. साधारण 1315 ते 1321 या काळात त्याने हा जुना मठ दुरुस्त केला, मोझेकांनी आणि चित्रांनी मढवला आणि आपला ग्रंथसंग्रह तिथे ठेवला. आतल्या दालनाच्या दारावर तो स्वतः आहे : डोक्यावर भले मोठे, पागोट्यासारखे फुगीर शिरोभूषण, गुडघे टेकलेले आणि हातांत या वास्तूची प्रतिकृती, जी तो ख्रिस्ताला अर्पण करतो आहे. बाहेरच्या दालनात करनोंदणीचा प्रसंग आहे. राजाधिकाऱ्यासमोर मेरी नाव नोंदवायला उभी आहे आणि कारकून हातात गुंडाळी धरून लिहायच्या तयारीत आहे. हा प्रसंग ख्रिस्ती चित्रकलेत फारसा आढळत नाही. एका करमंत्र्याने तो आपल्या वास्तूत एवढी जागा देऊन करवून घ्यावा, यात मला नेहमी थोडा विनोद दिसत आला आहे, आणि तो त्यालाही दिसत असावा.

दक्षिणेच्या बाजूला दफनासाठी बांधलेले लांबट प्रार्थनागृह आहे. तिथे मोझेक नाहीत, चुन्याच्या गिलाव्यावरची चित्रे आहेत. त्याच्या टोकाच्या अर्धघुमटात पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त एका हाताने आदमला आणि दुसऱ्या हाताने हव्वेला मनगटाशी धरून थडग्यांतून ओढून बाहेर काढतो आहे, आणि त्याच्या पायांखाली नरकाची मोडलेली दारे, कुलपे, किल्ल्या आणि बिजागऱ्या विखुरलेल्या आहेत. त्या ओढण्यातला जोर, वस्त्राचा झोत, दोन्ही बाजूंच्या शरीरांचा तोल हे सगळे एका वक्र पृष्ठभागावर साधणे किती कठीण आहे, हे ज्यांनी ओल्या गिलाव्यावर ब्रश चालवला आहे त्यांनाच नीट समजेल. इटलीत जोत्तो ज्या दशकांत रंगवत होता, त्याच दशकांतले हे काम आहे. जोत्तोचे नाव कलाशाळेत पहिल्या वर्षी शिकवतात. या चित्रकाराचे नावसुद्धा उरलेले नाही.

मेतोखितेसचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. 1328 मध्ये सम्राटाच्या नातवाने सत्ता घेतली, मेतोखितेसची मालमत्ता लुटली गेली आणि त्याला राजधानीबाहेर पाठवण्यात आले. तिकडून त्याने या मठातल्या साधूंना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. माझी पुस्तके सांभाळा, ही त्यातली कळकळीची विनवणी आहे. दोन-एक वर्षांनी त्याला परतण्याची परवानगी मिळाली. तो याच मठात साधू म्हणून राहिला आणि 1332 मध्ये इथेच वारला. त्याचा शिष्य निकेफोरस ग्रेगोरास याने पंचांगात शिरलेली चूक दाखवून सुधारणा सुचवली होती, ग्रेगरियन दिनदर्शिकेच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी.

मराठी माणसाने या सगळ्यात का पडावे, असे आपल्यापैकी कोणी विचारील आणि इथलेही काही वाचक विचारतील. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने, जो पुढे साधू झाला, हिंदी महासागरातल्या बंदरांची हकिगत लिहिली. त्यात ‘कल्लियाना’ नावाचे बंदर येते. तिथून तांबे, लाकूड आणि कापड जात असे, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांसाठी इराणातून धर्माध्यक्ष नेमला जाई. बहुतेक अभ्यासक ते आपले कल्याण मानतात. अकराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट अलेक्सिओसच्या इच्छेवरून सिमिऑन सेथ नावाच्या विद्वानाने पंचतंत्रातल्या करटक-दमनकांच्या गोष्टी अरबी रूपांतरावरून ग्रीकमध्ये आणल्या. आणि ज्या मारिया दुकैनाने करियेची मेतोखितेसपूर्वीची एक मोठी उभारणी केली, ती याच अलेक्सिओसची सासू. तेराव्या शतकाच्या अखेरीस माक्सिमस प्लानुदेस याने भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर ग्रीकमध्ये पुस्तिका लिहिली आणि शून्य समजावून सांगितले. टॉलेमीच्या भूगोलाची विस्मृतीत गेलेली हस्तलिखिते शोधून काढणारा तोच, आणि अभ्यासक त्याचे नावही या मठाशी जोडतात. बुद्धाची जीवनकथा तर अनेक भाषांतून फिरत ग्रीकमध्ये एका ख्रिस्ती संताची कथा होऊन बसली. आमच्या शाळांमधून ही बायझंटाईन संस्कृती एका ओळीत संपते : 1453 मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, व्यापारी मार्ग अडले आणि युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधू लागले. हजार-अकराशे वर्षे टिकलेले एक राज्य जणू पडण्यासाठीच उभे होते. तेव्हा हा वारसा दूरचा आहे हे मला मान्य नाही. आपल्या समितीच्या नावात ‘जागतिक’ हा शब्द असल्यामुळे आपल्यालाही ते मान्य नसावे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नमाजाला माझा विरोध नाही. आया सोफियात 1453 पासून 1930 च्या दशकापर्यंत नमाज होत होती. करियेचे मशिदीत रूपांतर 1511 च्या सुमारास उस्मानी वजीर अतीक अली पाशाने केले. हा इतिहासही त्या वास्तूंचाच आहे, आणि आया सोफिया आज उभी आहे त्यात उस्मानी काळातल्या डागडुजीचा, उस्मानी स्थपती मिमार सिनानने दिलेल्या आधारभिंतींचा आणि 1847 ते 1849 या काळात सुलतान अब्दुलमजीदने फोस्साती बंधू या युरोपीय स्थपतींकडून करवून घेतलेल्या दुरुस्तीचा मोठा वाटा आहे. याउलट 1204 मध्ये हे शहर ओरबाडले ते ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी आणि व्हेनिसच्या आरमाराने. आमच्या देशात प्रार्थनास्थळांवरून जे वाद चालतात, त्यांत कोणत्याही बाजूने या पत्राचा दाखला म्हणून उपयोग करू नये, अशी माझी विनंती आहे. माझे म्हणणे इतकेच आहे, की वास्तू कोणाच्याही प्रार्थनेची असो, जगाच्या यादीत तिचे नाव घातल्यावर ती पाहण्याचा, अभ्यासण्याचा आणि तिच्या प्रकृतीची माहिती मिळण्याचा हक्क सर्वांना उरला पाहिजे, आणि त्या हक्काची राखण करणे हे आपले काम आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार क्रमाबद्दल आहे. इस्तंबूलचे ऐतिहासिक भाग 1985 मध्ये यादीत आले, आणि आया सोफिया व करिये या दोन्ही वास्तू त्यांत आहेत. वास्तूच्या मूल्यावर परिणाम करू शकणारे बदल, परत फिरता येणार नाही अशी वेळ येण्यापूर्वी, समितीला कळवावेत अशी अपेक्षा आपल्याच कार्यपद्धतीत लिहिलेली आहे. इथे आधी हुकूम निघाला, मग नमाज झाली आणि मग अहवाल मागवला गेला. नमुनाही नवा नव्हता. तुर्कस्तानातल्याच इझनिक आणि त्राबझोन या शहरांत आया सोफिया नावाचीच जुनी चर्च आहेत; इझनिकची आया सोफिया 2011 मध्ये आणि त्राबझोनची 2013 मध्ये याच मार्गाने गेली होती, आणि त्राबझोनला घुमटाखालची चित्रे पडद्यांनी झाकली गेली होती. म्हणजे इस्तंबूलला काय होऊ शकते हे सात वर्षे आधी समजलेले होते.

दुसरी तक्रार झाकलेल्या प्रतिमांची आणि बंद झालेल्या जमिनीची. आया सोफियाच्या अर्धघुमटात मेरी आणि बालख्रिस्ताचे मोझेक आहे. प्रतिमाभंजनाचा, म्हणजे धार्मिक प्रतिमा ठेवाव्यात की नष्ट कराव्यात याचा, शतकभराचा वाद मिटल्यानंतर, 29 मार्च 867 रोजी, त्याच्या लोकार्पणाच्या वेळी पॅट्रिआर्क (कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू) फोतियस याने दिलेले प्रवचन आजही वाचायला मिळते. ते मोझेक आज कापडाआड आहे. फातिह सुलतान मेहमदने शहर जिंकल्यानंतरही या वास्तूतील कित्येक मानवी प्रतिमा दीर्घकाळ उघड्या होत्या आणि त्या खाली नमाज होत होती, म्हणून ‘परंपरेसाठी झाकणे भाग आहे’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. 15 जानेवारी 2024 पासून परदेशी पाहुण्यांनी 25 युरो भरून वरच्या सज्ज्यात जायचे आणि खालचा मजला प्रार्थनेला येणाऱ्यांचा, अशी विभागणी करण्यात आली. वरच्या सज्ज्यातले देईसिसचे (मेरी आणि योहान ख्रिस्ताकडे मानवजातीसाठी विनवणी करतात त्या प्रसंगाचे) मोझेक, सम्राज्ञी झोईचे मोझेक, कोम्नेनस घराण्याचे मोझेक पाहायला मिळतात, हे खरे. पण अँथेमियस आणि इसिडोर या मूळ स्थपतींनी सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट चौकोनी जागेवर कसा तोलला, तळाशी 40 खिडक्या ठेवून तो अधांतरी असल्याचा भास कसा निर्माण केला, हे समजण्यासाठी त्या घुमटाच्या खाली, जमिनीवर उभे राहावे लागते. स्थापत्य शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला आता ते करता येत नाही. करियेत बाहेरची दालने आणि दक्षिणेचे प्रार्थनागृह पाहता येते, हे मी नोंदवतो. मात्र मुख्य दालनात, जिथे मेरीच्या मृत्युशय्येचे मोझेक आहे आणि ख्रिस्ताने तिचा आत्मा तान्ह्या बाळासारखा हातांवर घेतला आहे, तिथे पडदे लागले. ते केव्हा सरकतात आणि कोणाच्या परवानगीने, याचा कोणताही जाहीर, बांधील नियम नाही.

तिसरी तक्रार माझ्या धंद्याची आहे आणि ती मला सर्वांत जास्त छळते. आया सोफियाची जमीन मार्मारा बेटावरच्या संगमरवराची आहे. सम्राटांच्या राज्याभिषेकाची रंगीत दगडांची वर्तुळे सोडली तर ती आता गालिच्याखाली आहे. दगडाच्या जमिनीवर कायमचा जाड गालिचा अंथरला की खालून येणारी ओल कोंडते, तिला बाजूच्या भिंतींतून वर चढावे लागते, आणि ती सुकताना क्षार मागे ठेवते. कोकणातल्या जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागलेला ज्याने पाहिला आहे, त्याला ही क्रिया शिकवावी लागत नाही. मोझेकाचे तर आणखी नाजूक आहे. सोन्याचा प्रत्येक खडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये धरलेला सोन्याचा वर्ख असतो, आणि प्रकाश खेळता राहावा म्हणून असे हजारो खडे चुन्यात मुद्दाम कमी-अधिक कलते बसवलेले असतात. तो चुना क्षारांनी भुसभुशीत झाला की खडे सुटतात, आणि सुटलेला खडा पुन्हा बसवता आला तरी मूळ कारागिराचा कल परत मिळत नाही. इथे दररोज येणाऱ्या हजारो माणसांचा श्वास आणि घाम, पडद्यांमुळे अडणारी हवा, सणाच्या दिवशी एकदम वाढणारी गर्दी यांचा परिणाम मोजता येतो. अजिंठ्याला एका लेण्यात एका वेळी किती माणसे सोडायची, दिव्यांचा प्रकाश कसा असावा, हे ठरवताना आम्ही यावर वर्षानुवर्षे वाद घातले आहेत. एप्रिल 2022 मध्ये आया सोफियाच्या सम्राट-द्वाराच्या लाकडी फळीचा टवका उडालेला दिसणारी छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. दार दिसते, म्हणून ते कोणाच्या तरी लक्षात आले. अर्धघुमटात कापडामागे एखादा भाग फुगून सुटू लागला, तर तो कोणाला दिसणार?

याला भूकंप जोडा. पहिला घुमट 558 मध्ये कोसळला आणि धाकट्या इसिडोरने तो अधिक उंच करून 562 मध्ये पूर्ण केला. त्यानंतर दहाव्या आणि चौदाव्या शतकांतही त्याचे भाग पडले. इस्तंबूलच्या दक्षिणेस मार्मारा समुद्राखालून उत्तर अनातोलियाचा भ्रंश जातो, आणि 17 ऑगस्ट 1999 चा भूकंप अजून कोणी विसरलेले नाही. 2025 मध्ये मुख्य घुमटाच्या मजबुतीकरणाचे काम हाती घेण्यात आले, याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु एवढ्या मोठ्या कामाचे आराखडे, मचाणांचा जमिनीवर पडणारा भार, घुमटातील मोझेकांची कामापूर्वीची नोंद, हे स्वतंत्र तज्ज्ञांना तपासता येण्याजोगे जाहीर झाले पाहिजे. ते आपण मागायला हवे होते.

चौथी तक्रार थोडक्यात. 413 मध्ये पूर्ण झालेली आणि 447 च्या भूकंपानंतर साठ दिवसांत पुन्हा उभी केलेली थेओडोसियसची तटबंदी ही याच वारसास्थळाचा भाग आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तिचे काही भाग नव्या विटा-दगडांनी असे ‘नवेकोरे’ करण्यात आले, की मूळ कुठे संपते हे ओळखणे अवघड झाले. 2013 मध्ये येदीकुलेजवळ तटाच्या खंदकालगतच्या भाजीपाल्याच्या वाड्यांवर बुलडोझर फिरला. त्या वाड्यांनी शतकानुशतके शहराला भाजी पुरवली होती. तटबंदी फोटोत येते, भाजीचे वाफे येत नाहीत, म्हणून बहुधा कोणाला फारसे वाईट वाटले नाही.

पाचवी तक्रार थेट आपल्याबद्दल आहे. 2021 च्या ज्या अधिवेशनात आपण इस्तंबूलबद्दल चिंता नोंदवली, त्याच अधिवेशनात आपण लिव्हरपूलचे नाव यादीतून काढून टाकले. गोदीभागातल्या बांधकामांनी तेथील मूल्य नष्ट झाले, असा आपला निष्कर्ष होता. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत हे मला समजते. तरीही एका शहराला शिक्षा आणि दुसऱ्याला पत्रव्यवहार, हे पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न येतोच. इस्तंबूलमध्ये आपले ऐकले जात नाही असेही नाही : सुवर्णशृंग खाडीवरच्या मेट्रो पुलाचे खांब सुलेमानिये मशिदीच्या दृश्यावर मात करतील, असे आपण ठणकावून सांगितल्यावर त्यांची उंची कमी करण्यात आली होती. म्हणजे आपल्या शब्दाला वजन आहे. तो वापरण्याची इच्छा हवी. त्यातच 2023 मध्ये तुर्कस्तान स्वतः या समितीवर निवडून आले. ज्याच्याबद्दल निर्णय घ्यायचा तोच टेबलाभोवती बसलेला असेल, तर निर्णय अधिक उघडपणे व्हायला हवा. महाराष्ट्रातले आम्ही लोक आपल्या समितीला आता चांगले ओळखतो. जुलै 2025 मध्ये रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह मराठ्यांचे 12 किल्ले यादीत आले, तेव्हा गावोगाव आनंद साजरा झाला. त्या किल्ल्यांचे व्यवस्थापन, त्यांच्याभोवतीचा राखीव पट्टा, जतनाची जबाबदारी कोणाची, हे सगळे आमच्याकडून लिहून घेतले गेले आणि ते योग्यच होते. तीच शिस्त 1985 पासून यादीत असलेल्या स्थळालाही लागू असावी.

या प्रकरणात तुर्की समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही, कारण तिथल्या अभ्यासकांचे ऋण मोठे आहे. येनीकापीला मेट्रोच्या खोदकामात थेओडोसियसचे बंदर सापडले तेव्हा रेल्वेचे अब्जावधींचे काम वर्षानुवर्षे थांबवून तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी 37 जहाजांचे अवशेष मोकळे केले. असा धीर माझ्या पाहण्यात दुसऱ्या कोणत्याही महानगराने दाखवलेला नाही. सेमावी एयिजे यांच्यासारख्या विद्वानाने बायझंटाईन अभ्यासाचा पाया तुर्की भाषेत घातला; बोआझिची आणि कोच या विद्यापीठांत आज त्यासाठी स्वतंत्र केंद्रे आहेत. 2021 मध्ये इस्तंबूलला भरायची असलेली बायझंटाईन अभ्यासाची आंतरराष्ट्रीय परिषद अखेर 2022 मध्ये व्हेनिस आणि पादुआ येथे भरली, तेव्हा सर्वांत मोठा तोटा या अभ्यासकांचाच झाला. आणि परिषद कुठे गेली, तर 1204 मधल्या लुटीचे चार कांस्य घोडे जिथे अजून जपून ठेवले आहेत त्या शहरात. इतिहासाला अशी थट्टा सुचते खरी.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आपल्या सल्लागार संस्थांचे संयुक्त पाहणी-पथक करिये आणि आया सोफिया येथे पाठवावे, त्याला पडद्यामागचे सर्व पृष्ठभाग, सज्जे, तळघरे आणि गालिच्याखालची जमीन तपासण्याची मुभा असावी, आणि त्याचा अहवाल तुर्की व इंग्रजीसह शक्य तितक्या भाषांत संपूर्ण प्रसिद्ध व्हावा. सारांश चालणार नाही.

दोन्ही वास्तूंतील दमटपणा, तापमान, क्षार, भेगा आणि दररोजची माणसांची संख्या यांची नोंद दर तिमाहीला जाहीर करण्याची अट तुर्कस्तानला घालावी. ही नोंद 2020 च्या आधीच्या संग्रहालयकाळातील नोंदींशी ताडून दाखवावी, म्हणजे बदल झाला की नाही यावर वाद घालण्याची गरज उरणार नाही.

प्रतिमांवरच्या पडद्यांसाठी लेखी नियम असावा. पडद्यांची कोणतीही बांधणी जुन्या भिंतीला किंवा मोझेकाला भिडू नये, आणि नमाजाच्या वेळा सोडून ते उघडे राहावेत. आया सोफियाचा खालचा मजला दिवसातले ठरावीक तास धर्म किंवा नागरिकत्व न विचारता सर्वांना खुला असावा. विद्यार्थी आणि संशोधक यांच्याकडून शुल्क घेऊ नये, मग ते तुर्की असोत, ग्रीक असोत की भारतीय.

घुमटाच्या मजबुतीकरणाचे आराखडे आणि भूकंपविषयक अभ्यास जाहीर करावेत, आणि देखरेखीच्या मंडळावर सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या जोडीला तुर्की विद्यापीठांतील स्वतंत्र बायझंटाईन अभ्यासक असावेत. तटबंदीवर पुढचे कोणतेही पुनर्बांधकाम सविस्तर नोंदीशिवाय होऊ नये, आणि खंदकालगतच्या उरलेल्या भाजीवाड्या वारसास्थळाचाच भाग म्हणून राखाव्यात.

शेवटची मागणी मुदतीची. या सर्वांसाठी आपल्या आगामी अधिवेशनात एक तारीख ठरवा. त्या तारखेपर्यंत समाधानकारक उत्तर आले नाही, तर इस्तंबूलचे ऐतिहासिक भाग ‘धोक्यातील वारसा’ यादीत घालण्याचा प्रस्ताव चर्चेला घ्या. ती यादी अपमानासाठी केलेली नाही. मदत आणि देखरेख वाढवण्यासाठी आहे, असे आपणच वारंवार सांगत आला आहात. तसे असेल, तर तुर्कस्तानलाही तिचे वावडे असण्याचे कारण नाही.

या पत्राची प्रत तुर्कस्तानच्या संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयास व भारताच्या युनेस्कोतील प्रतिनिधींस पाठवत आहे. भित्तिचित्र-जतनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी सहकाऱ्यांनी ते वाचून आपली तांत्रिक भर घालावी आणि स्वतःच्या नावाने समितीला लिहावे. आपल्याकडून उत्तर आल्यास ते जसेच्या तसे प्रसिद्ध करीन.

आपला नम्र,
भित्तिचित्र-जतनाच्या कामातून निवृत्त झालेला एक मराठी नागरिक
छत्रपती संभाजीनगर